वरातीत वाजलेलं परमुलखाचं गाणं

माझ्या वरातीत अमेरिकेतलं गाणं वाजलं, असं सांगितलं की लोकांना वाटतं, काय शौकीन नवरदेव असेल! शौक कसला डोंबलाचा.

मी परभणीच्या शेतकी विद्यापीठात प्रयोगशाळेत कामाला होतो. ज्वारीचा अभ्यास करायला आलेला एक अमेरिकन साहेब जाताना मला एक कॅसेट देऊन गेला. वर टोपीवाल्या गड्याचं चित्र, पोटाशी अकॉर्डियन, मागं पाण्यात उभी झाडं. 'कंट्री' गाणी आहेत म्हणाला. मी दचकलोच, आमच्याकडं कंट्री बाटलीत मिळते! पण गाणी लय भारी होती. काही चाली तिकडच्या दलदलीत राहणाऱ्या केजन लोकांच्या. त्यांत अकॉर्डियन आणि व्हायोलिन नुसते एकमेकांच्या मागं पळायचे. माझ्या मामाचा बँड होता. कॅसेटमधली एक चाल त्यानं क्लॅरिनेटवर बसवली, निव्वळ हौस म्हणून.

माझं लग्न ठरलं ते नामांतराच्या धामधुमीत. शेजारच्या गावात आमच्या लोकांची घरं जळाली होती. आबा, म्हणजे माझे वडील, जलशात गायचे. त्यांनी स्वतः रचलेलं एक भीमगीत होतं. पोराच्या वरातीत ते गावच्या मधल्या रस्त्यानं वाजावं, एवढीच त्यांची इच्छा.

आदल्या दिवशी गावातले दोघं वस्तीत आले. "वरात न्या की, कोण नको म्हणायलंय? पण तुमची ती गाणी पाराम्होरं वाजली तर पोरं ऐकायची न्हाईत. मंग आमाला बोल लावू नका."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, वाजवायचंच, होऊ दे काय व्हायचं ते! आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मामाला म्हणाले, "ते साहेबाच्या कॅसेटीतलं वाजीव. पोरगी सुखानं घरात येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आमची जीप पारापाशी आली आणि मामानं ती चाल धरली. काय सांगू, काठ्या घेऊन बसलेली पोरं उठून नाचायला लागली! धमकी देऊन गेलेल्यांतला एक तर जीपपुढं कंबर हलवत होता. "लय झकास! आणखी एकदा हू द्या!" मामानं पुन्हा वाजवलं. उतरून त्या नाचणाऱ्याच्या कानाखाली द्यावी असं वाटत होतं मला. शेजारी नवरी थरथरत होती, म्हणून दातओठ खात बसून राहिलो.

वस्तीत पोचल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाया नवरीला ओवाळायला धावल्या. आबा एका बाजूला बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "त्या गाण्याचे लोक कोण रं?"

साहेबानं सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. तिकडच्या एका राजानं त्यांना त्यांच्या मुलखातून हाकललं, घरं जाळली. मग ते दलदलीत येऊन राहिले. पुढं त्यांची पोरं शाळेत आपल्या भाषेत बोलली की मार खायची.

"तरी गात ऱ्हायले?"

"हो, आबा."

"त्यांच्याच भाषेत?"

"हो."

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "एवढं सोसून त्यांनी गाणं सोडलं न्हाई," ते म्हणाले, "आन् मी आज त्यांच्या गाण्याआड लपलो."

पंगत बसली. आई हाका मारून दमली. पोराच्या लग्नात आबा जेवले नाहीत.