पाटलांचं पिस्तूल, सुभेदारांचा हात

ताडकळसात सकाळी सगळेच टमरेल घेऊन रानाकडे निघत. पण भरलेलं टमरेल खांद्याच्या रेषेत, हात ताठ करून समोर धरत चालणारे रंगनाथ सुभेदार एकटेच. कुणी रामराम घातला तरी उत्तर नाही, कारण श्वास रोखलेला. परत येताना मात्र सगळ्यांना थांबवून सांगत, "पानी हाललं की गोळी हालली समजा." त्या वेळी एवढं मोठं तत्त्व ऐकायची माझी तयारी नसे. मी गावात नवा मास्तर होतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो.

पलटणीत असताना सुभेदारांनी पिस्तुलाच्या स्पर्धा गाजवल्या होत्या, असं सुभेदारच सांगत. पोलीस ॲक्शननंतर ते निवृत्त होऊन आले, तेव्हा गावाला वाटलं, आता ज्वारीतली डुकरं संपली. चारजण विनवायला आले. सुभेदार म्हणाले, "डुकराला म्हणावं, निशाणाच्या कागदावानी एका जागी उभं ऱ्हा. मग बघतो."

"लढाईत जपानी काय उभे ऱ्हायले व्हते तुमच्यासाठी?" आतून त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी विचारलं. सुभेदार बैलाला पाणी दाखवायला उठून गेले.

गावात लायसनचं पिस्तूल एकच, पाटलांचं. सुभेदार मळ्यात त्यावरच सराव करत, आणि लायसनवाला जवळ हवा म्हणून पाटलांना लिंबाखाली खुर्ची टाकून बसावं लागे. बसून बसून त्यांनाही खाज सुटली आणि तेही नेम धरू लागले. त्यांची गोळी कागदाला क्वचित लागे; बांधाला मात्र पुष्कळ लागल्या.

अशात परभणीला जिल्ह्याची स्पर्धा निघाली. पहिला येईल तो हैदराबादला जाणार. पाटलांनीही नाव दिलं. पिस्तूल एकच, आळीपाळीनं वापरायचं. सुभेदार जिंकले तर पाटील पिस्तूल काढून घेणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"हरा की यंदा," अनसूयाबाई म्हणाल्या. "पिस्तूल तरी हाताशी ऱ्हाईल."

"पाटलापुढं हरंन मी. कागदापुढं कसा हरू?"

खरं तर पाटलांपेक्षा वाईट खेळायचं म्हणजे त्यालाही मोठं कसब लागलं असतं. सुभेदार पहिले आले. पाटलांनी पिस्तूल कमरेला लावलं, आपल्या बैलांच्या दमणीत बसले आणि सुभेदारांना व सोबत आलेल्या मला परभणीत सोडून निघून गेले. आम्ही रेल्वेनं पिंगळीला उतरून चालत गावी आलो. वाटभर सुभेदार हात ताठ समोर धरून चालले, पण हातात ना टमरेल ना पिस्तूल. 

हैदराबादला जायच्या दिवशी ते रिकाम्या हातानं निघाले. सोबतीला मी. पिंगळी स्टेशनावर कोट घातलेले पाटील उभे! मला म्हणाले, "मास्तर, त्यांना सांगा, लायसन माझ्या नावावर हाय. पिस्तूल एकटं कसं जाईल? आन् मी त्यांच्याशी बोलायलो न्हाई."

हैदराबादला सुभेदार तिसरे आले. पहिले का नाहीत, म्हणून पाटील पंचांशी असे भांडले की आम्हाला मैदानाबाहेर काढलं. पुढे कित्येक वर्षं ही वरात औरंगाबाद, मुंबईपर्यंत जात राहिली. सुभेदार पदकं आणत आणि पाटील मागे खुर्चीत बसत. अबोला कायम. "मास्तर, त्यांना सांगा, गोळी डावीकडं जायलीय." त्यांना म्हणजे दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला. मी नसलो की पाटील लिंबाच्या झाडाला सांगत.

शेवटच्या दुखण्यात पाटलांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सरळ बोलले. "सुभेदार, खरं सांगा. परभणीला मी कसा खेळलो व्हतो?"

आता तरी खोटं बोला, म्हणून मी डोळ्यांनी खुणावलं.

"लय वंगाळ, मालक," सुभेदार म्हणाले. "पर बसलात लय चांगलं."

पाटील खोकला येईपर्यंत हसले. मी पाण्याचा तांब्या आणायला बाहेर गेलो.

पाटील गेले आणि पिस्तूल ठाण्यात जमा झालं. लष्करातला माणूस म्हणून सुभेदारांना स्वतःच्या नावावर लायसन मिळालं असतं. अर्ज करा, म्हणून मी मागे लागलो.

"कशाला?" ते म्हणाले. "एकट्यानंच कागदं फाडत बसू व्हय?"