भट्टी सोडल्यावरचे अडीच महिने

आमच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये एक रिवाज आहे. एखाद्या पोट्ट्याचं लग्न ठरलं की तो तीन महिने आधी शिफ्ट इन्चार्जकडे जातो अन् भट्टीवरून ड्यूटी बदलून मागतो. काहून, ते कोणी विचारत नाई. वितळलेल्या लोखंडासमोर आठ-आठ तास उभं राहिलं की माणसाचं आतलं आटून जाते, असं जुने लोक सांगतात, अन् इन्चार्जही जुनाच. मी भट्टीवरचा इलेक्ट्रिशियन. माझं लग्न ठरलं तेव्हा मी या गोष्टीवर पोट धरून हसलो होतो. आमच्या घरात अंगारे-धुपारे, गंडे-ताईत काहीच चालत नाई. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, रविवारी विहारात पोट्ट्याईले विज्ञानावर भाषण देणारे. त्यांचा पोरगा भट्टीले भेणार का? नाई बदलली ड्यूटी.

लग्नाले वर्ष झालं, लेकरू नाई.

मग आमच्या या विज्ञानवाल्या घरानं काय केलं? सुनेले डॉक्टरकडे नेलं. समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकात चार वर्षं तिची वारंवार तपासणी झाली. रक्त, सोनोग्राफी, गोळ्या, इंजेक्शनं. गोळ्याईनं तिचं तोंड सुजायचं, कधी दिवसभर मळमळ. मले कोणी म्हटलं नाई की बावा, तूही एकदा तपासून घे. बाबाही नाई. अन् मी स्वतःही नाई, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याले वाटेल मी धुतल्या तांदळासारखा आहे.

सर्वांत जास्त अंगावर यायची ती माझी सासू. गोंदियाची. मी तिले मामी म्हणतो. दोन-तीन महिन्याले गाडीनं यायची, पिशवीत पोह्याचे पापड, लाखोळीची डाळ, अन् निघताना आईसमोर हात जोडायची. "विहीणबाई, आमच्या पोरीत खोट निघाली. सांभाळून घेजा." आई म्हणायची, "असू द्या, असू द्या." खोट कशाची वं, असं आईनं कधीच म्हटलं नाई. बायको स्वयंपाकघरात भांडे घासत राहायची, गरजेपेक्षा जास्त जोरात. मी सोफ्यावर मोबाइल पाहत बसायचो.

मागच्या वर्षी होळीनंतर त्या क्लिनिकात नवीन डॉक्टर दीदी आल्या. त्याईनं बायकोची जाडजूड फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली अन् डोकं वर करून मलेच विचारलं, "भैया, आपकी रिपोर्ट कहाँ है?"

चार वर्षांत पहिल्यांदा.

घराजवळच्या लॅबमध्ये जायची माझी हिंमत झाली नाई. सदर बाजारच्या मागे एका गल्लीत, जिथं मले कुत्रंही ओळखत नाई, तिथं गेलो. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्यानं लिफाफा दिला तो माझ्याकडे न पाहता. तिथंच उघडला. शुक्राणू शून्य. कमी नाई, अशक्त नाई, शून्य. मी मोटरसायकल काढली अन् सिलतऱ्यापर्यंत गेलो. ड्यूटी नव्हतीच. गेटवरून वळून परत आलो. मग परत गेलो. पेट्रोल रिझर्व्हला लागलं तेव्हा समजलं की मी सकाळपासून काही खाल्लं नाई.

अन् मग तो रिवाज आठवला. हट्! भट्टीच होय ना! दुसरं काय? अकरा वर्षं मी त्या आगीसमोर उभा होतो. मोबाइलवर वाचलं, शुक्राणू तयार व्हायले जवळपास अडीच महिने लागतात. डोक्यात एकदम गणित बसलं. आज भट्टी सोडायची, अडीच महिने थांबायचं, नवीन तयार झाले की परत तपासायचं. शून्य जाईल. मग घरी सांगायची गरजच काय? ज्याच्यावर हसलो होतो तेच मी इन्चार्जपुढे जाऊन मागितलं. तो म्हणाला, "अरे, शादी के टाइम नहीं लिया, अब क्या बुढ़ापे में?" त्यानं मले पाण्याच्या पंपावर टाकलं.

ते अडीच महिने कसे काढले ते माझं मले माहीत. एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं. गरम पाण्यानं आंघोळ बंद. जीन्स बंद. मोटरसायकलची सीट उन्हात तापली तर ओलं फडकं टाकायचो. कॅलेंडरवर टिक लावत नव्हतो, पण कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कितवा दिवस ते सांगितलं असतं. बायको म्हणायची, "तुम्हाले काय झालं? नीट बसा ना जरा." मी चिडायचो. कशावरही. भाजीत मीठ, पंख्याचा आवाज, शेजारच्याची गाडी.

क्लिनिकात दीदीनं परत विचारलं, "भैया, रिपोर्ट?" मी म्हटलं, "नॉर्मल है दीदी, घर पे रह गई." इतकं सहज तोंडातून निघालं की मलेच दचकायले झालं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी आणा. मग फाइलकडे पाहून म्हणाल्या, आता दुर्बिणीतून आतली तपासणी करून घेऊ. म्हणजे बेशुद्ध करून, पोटाले छेद देऊन. मी मान हलवली. माझा तेव्हा अठ्ठाविसावा दिवस चालू होता.

बायकोले आत नेताना मी तिच्या चपला अन् मंगळसूत्र हातात घेऊन उभा होतो. तीच मले समजावून राहिली होती. "घाबरू नका. माझ्यात काय आहे ते निघून जाईल एकदाचं." तपासणीत काहीच निघालं नाई. सगळं ठीक. दीदीनं हसून सांगितलं तर ही रडायले लागली. "काहीच नाई तं मग काहून होत नाई?" तिच्या पोटावर तीन पट्ट्या होत्या. मी तिले पाणी दिलं.

अडीच महिने झाल्यावर त्याच गल्लीत गेलो. परत शून्य.

मग मात्र मी घाबरलो. ड्यूटी आहे सांगून मोठ्या सरकारी दवाखान्यात जायले लागलो. तिथं पुण्याकडच्या एक डॉक्टर होत्या, माझ्याहून लहान, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, मग सुन्न करून दोन्ही अंडकोषांतून इवला इवला तुकडा काढला. तीन आठवड्यांनी समोर बसवलं.

मी आधीच बोललो, "मॅडम, भट्टीनं झालं ना?"

"नाही हो. उष्णतेनं संख्या कमी होऊ शकते. तुमचं ते नाही." त्यांनी एका कागदावर गोल काढले. "तुमच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं आहेत. पण सगळी एका वेळी चालू नसतात. शुक्राणू तयार होताना ती ठरल्या क्रमानं चालू होतात. एखादं मुख्य जनुक आधी चालू होतं, ते पुढच्या कितीतरी जनुकांना चालू करतं. मग पेशी विभागते, मग डोकं, शेपटी. तुमच्या पेशी सुरुवात करतात. इथपर्यंत येतात." त्यांनी चौथ्या गोलावर पेन टेकवलं. "आणि थांबतात. पुढची जनुकं चालू होत नाहीत, असं दिसतंय. नेमकं कोणतं अडलंय ते आज तरी सांगता येणार नाही."

हे मले समजलं. बाप्पा, इतकं तं माझ्या रोजच्या कामातलं. मोठी मोटर एका बटणानं चालू होत नाई. आधी तेलाचा पंप, त्यानं सिग्नल दिला तर पाणी, पाण्यानं सिग्नल दिला तर मग मोटर. मधला एक नाई लागला तर पुढचं सगळं मेल्यासारखं पडून राहते. मी खुर्चीवरून पुढे सरकलो. "मॅडम, मग तिथं जंपर मारता येत नाई का?"

"म्हणजे?"

"म्हणजे अडलेला स्विच सोडून द्यायचा अन् पुढच्याले थेट वायर जोडायची. आम्ही करतो. चालते."

त्या हसल्या नाईत. म्हणाल्या, "आज तसं करता येत नाही. आणि पुढे एक अडचण असते. शेवटी शेवटी त्या पेशीतलं सगळं इतकं घट्ट गुंडाळलं जातं, की नवीन काही चालू करायला जागाच राहत नाही. जे लागणार ते आधीच, वेळेत चालू व्हावं लागतं."

"म्हणजे माझ्यात हे कधीपासून?"

"बहुतेक जन्मापासून."

मले राग कोणाचा आला, सांगू? भट्टीचा. अडीच महिने मी तिच्यावर सगळं ढकललं होतं, अन् तिचा काही संबंधच नव्हता. त्यांनी मग दुसऱ्याचे शुक्राणू घेता येतात, दत्तक घेता येते, असं सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "मिसेसना घेऊन या. त्यांना माहीत आहे ना?" मी म्हटलं, "हो."

अकरा दिवस तो रिपोर्ट टूलबॅगमध्ये पेचकसाच्या खाली होता. बाराव्या दिवशी रविवार होता. मामीही आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, पुढच्या आठवड्यात येते म्हणून. दुपारी जेवणं झाली, बाबा विहारातून आले होते, अन् मी उठून रिपोर्ट टेबलावर ठेवला. सांगितलं. माझ्यात आहे, तिच्यात काहीच नाई, जन्मापासून आहे. जनुकाचंही सांगितलं, पंपाचं उदाहरण देऊन. बोलता बोलता मले हलकं वाटायले लागलं, खरंच सांगतो. बायको कागदाकडे पाहत होती. तिनं हात लावला नाई.

बाबा चष्मा पुसत बसले. आईनं ताटं गोळा केली. मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "हे घरातच राहू दे. माणसाचं असं बाहेर गेलं तं लोक जगू देत नाईत. तसंही सगळ्याईले तिच्यातच आहे असं माहीत आहे. तेच राहू दे."

बायकोसमोरच म्हणाली. अन् मले, लाज वाटते सांगायले, एक क्षण बरं वाटलं. मग बायकोनं माझ्याकडे पाहिलं, अन् माझं डोकंच फिरलं. "काय बोलून राहिली आई तू? लाज नाई वाटत? बाबा, तुम्ही तरी बोला, रविवारी तं मोठे बोलता!" मी इतका चिल्लावलो की समोरच्या घरातली बाई ओट्यावर आली. "थांबा. आत्ताच्या आत्ता सांगतो." मी मामीले फोन लावला अन् स्पीकर चालू करून टेबलाच्या मधोमध ठेवला. मोठा शूर!

"मामी, मी बोलतो. तुमच्या पोरीत खोट नाई. माह्यात आहे. आता कोणासमोर हात जोडू नका."

मले वाटलं ती रडेल. नाहीतर म्हणेल, जवाईबापू, तुम्ही मोठ्या मनाचे. तिकडून नुसता कुकरचा आवाज येत होता. शिटी झाली. मग तिनं विचारलं, अगदी शांतपणे, "तुम्हाले केव्हा समजलं?"

"रिपोर्ट आता आला ना, मामी."

"नाई. पहिल्यांदा. पहिल्यांदा केव्हा समजलं? तिच्या पोटात दुर्बीण घातली, त्याच्या आधी का मंग?"

टेबलाभोवती तिघं होते. बाबांनी चष्मा घातला. मी बायकोकडे पाहायचं टाळलं, तरी ती माझ्याचकडे पाहत आहे हे समजत होतं. खोटं बोलता आलं असतं. तोंडात आलंही होतं, क्लिनिकात आलं होतं तसंच सहज.

"आधी," मी म्हटलं.

बायकोनं हात लांब करून फोन उचलला, स्पीकर बंद केला अन् कानाले लावला. तिचा आवाज जराही हलला नाई.

"आई, उद्याच्या गाडीनं ये. मले न्यायले."