पडद्यावरचा उपरा ठोका

माझं काम अगदी किरकोळ विजेचं. दवाखान्यात किरणं मोजणारी यंत्रं असतात. ती बराबर मोजतात का, हे तपासायला त्यांना विजेचा एक बारीक ठोका द्यावा लागतो. तो ठोका देणारी सर्किटं मी बनवते. पापणी लवायच्या आत असे लाखो ठोके येऊन जातील, इतका तो आखूड. कंपनी पुण्याची, मी वाटूर गावी, माहेरच्या मागच्या खोलीत बसते.

एका सकाळी, असे ठोके रेघेत दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर भलताच ठोका दिसला. सर्किट बंद केलं, तरी तो दर सेकंदाला येतच राहिला. आधी मला सोल्डरच्या जोडाचा संशय आला, मग ऑनलाइन मागवलेल्या चिपचा. नकली तर नसेल? मग फ्रिजचा. आईला तो बंद करायला लावला.

"दूध नासलं तर तुझ्या कंपनीकडून घेईन," आई म्हणाली.

शेवटी घराचा मेन स्विच पाडला आणि सेलवरचा रेडिओ लावला. त्यातही टक्, टक्. म्हणजे चोर बाहेरचा.

रेडिओ घेऊन निघाले. आवाज वाढत गेला तो आमच्या घरामागे राहणाऱ्या चाचांच्या मोसंबीच्या बागेकडे. चाचा कुंपणाशीच उभे होते.

"चाचा, इथं काही मशीन लावलंय का?"

"बिलकुल न्हाई." मग दबक्या आवाजात, "लाइटीच्या हापिसातून आली का तू?"

"न्हाई हो. माझ्या कामात अडचण होऊन राह्यली."

"दिवसभर घरात वायरी जोडीत बसती. कसलं काम ते?"

म्हणजे संशय दोन्हीकडून होता. मी रेडिओ त्यांच्या कानाशी धरला. मग त्यांनी बांधावरचं पोतं उचललं. खाली झटका मशीन, रानडुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा झटका सोडणारं.

"लाइन चोरत न्हाई मी. सोलरवर हाय."

आम्ही कुंपणाच्या कडेनं चालत गेलो. एका कोपऱ्यात बाभळीची ओली फांदी तारेवर टेकली होती आणि तिथं बारीक ठिणगी उडत होती. चाचांनी मशीन बंद करून फांदी तोडली. पुन्हा चालू केलं, तर रेडिओ गप्प.

घरी येऊन सर्किट लावलं. आता पडद्यावर फक्त माझा ठोका होता. पण हवा होता त्याच्या निम्म्याच उंचीचा. आता संशय घ्यायला ठोक्याची उंची ठरवणारा, मीच निवडलेला रेझिस्टर तेवढा उरला होता.