होऊन गेलेल्या बक्षिसांचा अंदाज

टॉकीजचा शो सुटला की खुर्च्यांखाली भुईमुगाच्या टरफलांचा थर असायचा. आज झाडून काढला की उद्या तेवढाच. किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तर त्याच्या खालून दुसरा निघतो. मी हिंगोलीच्या टॉकीजात डोअरकीपर होतो, सत्तर सालच्या मागं-पुढं. शाळेत गेलो न्हाई. जी अक्षरं येतात ती पोस्टरवरची. म्हणून माझं अक्षर फार मोठं पडतं, कागद पुरत न्हाई, असं नातू म्हणतो. म्हणू दे.

काही किस्से हसायचे आहेत. पण त्यातली माणसं आता राहिली न्हाईत. सांगताना हसू अर्ध्यावर येऊन थांबतं.

तर आमचं टोळकं चौघांचं. वर केबिनमध्ये मशीन चालवायचा करीमचाचा. बाहेर बोर्ड रंगवायचा भगवान पेंटर, साखरा गावचा. चहा-भज्याची टपरी उत्तमची. आणि दारात मी, लिंबाजी. पाचवे मॅनेजर साहेब. ते टोळक्यातले नव्हते, पण टोळकं त्यांच्यावाचून चालत नव्हतं. ते कसं, हे आधी सांगतो.

*

मुंबईहून एक सिनेमाचं मासिक मॅनेजर साहेबांकडं यायचं. वर्षातून एकदा त्यात बक्षिसांची नॉमिनेशन छापून यायची. हिरॉईनमधून पाच, हिरोतून पाच, असं. ही पाच नावं कोणती असतील, ते आधी ओळखायचं, असा नाद आम्हाला लागला.

पहिल्या वर्षी आम्ही चौघांनी डोकं लावून नावं काढली. मासिक आलं. मॅनेजर साहेबांनी वाचलं. आमचं एक नाव त्यात न्हाई. एकसुद्धा न्हाई. पिक्चरची नावंही ऐकलेली नव्हती.

भगवान पेंटर चिडला. मुंबईवाले पैसे खातात म्हणाला.

मॅनेजर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तुमी ज्या पिक्चरची नावं काढून राहिले, त्यांची बक्षिसं दोन वर्षांखाली वाटून झाली."

आमच्याकडं रिळांची पेटी यायची ती पार घासून घासून. नांदेड झालं, परभणी झाली, पूर्णा झाली, की मग हिंगोली. पडद्यावर पाऊस पडत असायचा आणि गोष्ट उन्हाळ्यातली असायची. पिक्चर आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातल्या हिरोचे केस गेलेले असायचे.

करीमचाचा म्हणाला, "तो क्या हुआ. हमको तो मालूम नहीं ना."

ते सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून आमची रीत ठरली. दोन वर्षांमागचं मासिक साहेबांच्या कपाटात कुलपात ठेवायचं. कुणी बघायचं न्हाई. आम्ही इकडं अंदाज बांधायचा, आणि मग साहेबांनी कपाट उघडून वाचायचं. जे होऊन गेलं त्याचं भविष्य सांगणारे आम्हीच असू जगात.

*

पाच नावांना उत्तम पंगत म्हणायचा. "पाच जणांना पानावर बसवतात, आन् वाढतात एकाला. बाकीच्या चौघांनी हात धुवून उठायचं. एवढ्या मोठ्या लोकाईत असली रीत!"

उत्तमची बहीण लग्नात जेवायला बसलेली असताना पानावरून उठवली होती कुणीतरी. काहून उठवली ते सांगायची गरज त्या काळी नव्हती. त्यामुळं तो हे म्हणाला की आम्ही हसायचो, पण फार न्हाई.

*

प्रत्येकाची ओळखायची तऱ्हा निराळी. भगवान पेंटर रंगावर जायचा. जिला रंगवताना पांढरा डबा लवकर संपला, ती नक्की. कारण पांढरा लागायचा अश्रूंना.

एका पिक्चरात बैल मरतो. भगवान तो बोर्ड दोन दिवस रंगवत बसला. हिरो कोपऱ्यात एवढासा आणि बैल बोर्डभर. हट्टा गावची एक म्हातारी शो सुटल्यावर माझ्यापाशी थांबली. बाकीचे गेले तरी जाईना.

"लेकरा, खरं सांग. ते बैल खरंच मेलं का रे?"

मी म्हणालो, न्हाई आजी, नाटक असतं ते.

"मग डोळे कसे काय तसे केले त्यानं?"

भगवाननं बैलाचं नाव पाचात घातलं. आम्ही समजावलं, ऐकेना. साहेबांनी कपाट उघडलं, पाचही नावं वाचली. बैल नव्हता. भगवान उठून गेला. जाताना म्हणाला, "मानूस खोटं मेला तरी बक्षीस, आन् बैलाला न्हाई."

पुढं दुष्काळात लोकांनी बैल दावणीचे सोडून रस्त्यावर हाकलून दिले, तेव्हा त्यातले दोन-तीन टॉकीजच्या सावलीला येऊन बसले. त्या भिंतीवर भगवाननं मग बोर्ड टांगला न्हाई. उजेड अडतो म्हणाला. सावलीत उजेड कशाला लागतो, ते मी विचारलं न्हाई.

*

एका वर्षी निकालच लागला न्हाई. साहेबांच्या बाईंनी घर आवरताना कपाटातली रद्दी काढून विकली, आणि ती घेतली कुणी? उत्तमनं! आठ दिवस सगळी हिंगोली नॉमिनेशनमध्ये बांधलेली भजी खात होती.

कळल्यावर आम्ही गावभर कागद हुडकत फिरलो. पार तिकडं नरसी गावच्या देवळापुढं नारळवाल्याकडं एक पान सापडलं, हिरॉईनचं. पण भज्याच्या तेलानं पाचातली दोन नावं पुसून गेलेली. उत्तमला साहेब फार बोलले. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मुंबईवाले चौघींना उठवतात. माझ्या तेलानं दोघींनाच उठवलं."

*

आता चाचाचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो, बाकीचं वाटेत आलं.

मशीनमध्ये त्या काळी कार्बनच्या कांड्या जळायच्या. वेल्डिंगसारखा उजेड. तो उजेड चाचानं आयुष्यभर बघितला. एके दिवशी हिरो इंटरव्हलनंतर मेला, त्याची चिता पेटली, आणि लगेच पुढच्या सीनला तो बागेत नाचायला लागला. चाचानं पाचव्या रिळाच्या जागी सातवं लावलं होतं, मरणाचं आधी आणि नाचाचं मागून.

पब्लिक आधी चूप झालं. मग थर्ड क्लासातून एकानं टाळी वाजवली आणि सगळं टॉकीज टाळ्या वाजवायला लागलं. मेलेला माणूस परत आला, याचं कुणाला वाईट वाटणार? एक शेतकरी जाताना मला म्हणाला, असे पिक्चर आणत जा.

मी वर गेलो. चाचा डबा हातात धरून आकडा शोधत होता. आकडा त्याच्या डोळ्यापुढं एवढा मोठा होता.

"लिंबाजी," तो म्हणाला, "साहेब को मत बोल."

घरी चाची अंथरुणाला खिळलेली. लेकरूबाळ न्हाई. बाहेर दुष्काळ पडलेला, धडधाकट माणसं खडी फोडायला जाऊन राहिली होती. केबिन सुटलं तर चाचाला कुठं उभं राहायला जागा नव्हती. आम्ही साहेबांना सांगितलं, पेटीवर नंबरच चुकीचे पडून आले.

मग भगवाननं डब्यांच्या कडांना कानशीनं खाचा पाडल्या, बोटाला कळतील अशा. राहिला फोकस. त्याला मी एक सुतळी लावली. दारापासून भिंतीच्या कडेनं वर केबिनमध्ये, आणि तिथं चाचाच्या पायाच्या अंगठ्याला. चाचा भिंग फिरवायचा. पडद्यावर साफ दिसलं की मी सुतळी ओढायचो. तो हात थांबवायचा.

एकदा साखऱ्याहून आलेल्या भगवानच्या पाव्हण्यानं त्या सुतळीवर आपली ओली पिशवी वाळत घातली. चाचा वर बसून राहिला, पाय ओढला जातोय म्हणजे सगळं साफ आहे. खाली हिरॉईनला दोन नाकं. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, खुर्च्या वाजवल्या. मॅनेजर साहेब बाहेर आले. त्यांनी पडद्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, सुतळीच्या कडेनं वरपर्यंत नजर नेली. पिशवी काढून त्या पाव्हण्याच्या हातात दिली आणि आपल्या खोलीत गेले.

आम्हाला वाटलं, त्यांना कळलं न्हाई.

*

त्या वर्षी अंदाजाच्या दिवशी साहेब स्वतः टपरीवर आले. असं कधी झालं नव्हतं. त्यांच्या हातात फोटो होते, काचेच्या पेटीत लावायचो ते. बाकड्यावर मांडले आणि म्हणाले, यंदा तोंडी नको. ज्याला जी हिरॉईन पंगतीत बसेल वाटतं, त्यानं तिचा फोटो उचलायचा.

भगवाननं उचलला. उत्तमनं उचलला. मी मुद्दाम वेळ लावला. कुठला फोटो कुठं आहे ते चाचाला कळावं म्हणून एकेकीचं नाव घेत राहिलो. साहेब म्हणाले, "लिंबाजी, तुझं झालं. चाचा, उचला."

चाचानं बाकड्यावर हात फिरवला. हळू, पोळपाटावरचं पीठ झटकावं तसा. एक फोटो उचलला, डोळ्यापुढं धरला, मान हलवली.

"ये," तो म्हणाला. "इसकी आँखों में दर्द है."

फोटो उलटा होता. खाली डोकं, वर पाय. आणि तो हिरॉईनचा नव्हता. सुरा घेतलेल्या व्हिलनचा होता.

चहा उतू जाऊन चुलीत पडला. उत्तम जागचा हलला न्हाई. साहेबांनी चाचाच्या हातातून फोटो घेतला, सुलटा केला, बघितला. मग बाकीच्या फोटोंच्या खाली सरकवून दिला.

"बराबर चाचा," ते म्हणाले. "मी पण हिलाच धरलं होतं."

पुढच्या आठवड्यात पूर्णेहून नवा ऑपरेटर आला. साहेब टॉकीजच्या मालकाला म्हणाले, आवाज कसा येतो ते तपासायला खाली एक जुना माणूस पाहिजे. मालकानं का म्हणून विचारलं असेल, साहेबांनी काहीतरी सांगितलं असेल. चाचाचा पगार चालू राहिला. चाचा मात्र खाली येऊन बसेना. रोज केबिनच्या जिन्याच्या पायरीवर बसायचा आणि मशीनचा आवाज ऐकायचा. पट्टा सैल आहे, म्हणायचा. नवीन पोरगं ऐकायचं न्हाई.

*

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. खेड्यातून येणारं माणूस बंद झालं. शोला वीस माणसं, मग दहा, मग डोअरकीपरलाच लाज वाटावी एवढी. मालकाचा हुकूम आला, पाऊसपाणी होईस्तोवर टॉकीज बंद. सगळ्यांना सुट्टी. साहेबांनी कपाट आवरलं. त्या वर्षीचं मासिक न उघडता त्यांच्या सामानात गेलं.

शेवटची पेटी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायची होती. दुपारचा शो. मी दार उघडून उभा राहिलो. एक तिकीट गेलं न्हाई. वेळ झाली. ऑपरेटर वरून डोकावला, लावू का नको म्हणून.

साहेबांनी जिन्याकडं बघितलं. चाचा पायरीवर बसलेला. "लाव," ते म्हणाले. आणि मला म्हणाले, "चाचाला बाल्कनीत नेऊन बसव."

सारी उमर टॉकीजात काढून चाचा खुर्चीवर कधी बसला नव्हता. मी हात धरून नेलं. पुढच्या रांगेत मधोमध बसवलं, शेजारी मी बसलो. अंधार झाला. चाचानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

पिक्चर रडकं होतं. हिरॉईनचं लेकरू जातं आणि ती ओरडत न्हाई, नुसती चूल सारवत राहते, असा लांबलचक सीन. गाणं न्हाई, बोलणं न्हाई. पोतेऱ्याचा आवाज तेवढा. चाचा मान पुढं काढून ऐकत होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लिंबाजी. इसका नाम लिख ले. ये आयेगी पाँच में."

"काहून चाचा?"

"पब्लिक देख," तो हळूच म्हणाला. "कित्ती चूप है. एक आदमी खुर्ची नहीं हिला रहा."

मी खाली बघितलं. थर्ड क्लासपासून बाल्कनीपर्यंत सगळ्या खुर्च्या.

"व्हय चाचा," मी म्हणालो. "कुणी हलेना."