बोर्डापुढची फुशारकी

बामाची डबी उघडली की मला मेडिकल बोर्डाची ती खोली आठवते. फौजेत निकामी झालेल्या गुडघ्यासाठी मी अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला होता. गुडघा असा सुजलेला, की टॅक्सीवाल्यानं त्याचं वेगळं भाडं मागावं! त्या सकाळी लालबागच्या चाळीचे तीन मजले बायकोला धरून, पायरी-पायरीवर बसत उतरलो होतो. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, जिने चढता येतात?” काय सांगू, जीभ सुटली. “जिने? मॅडम, खांद्यावर सिलिंडर घेऊन तीन मजले पळत चढतो!” त्यांनी हसत हसत लिहून घेतलं. बाहेर बायकोनं विचारलं, “नीट सांगितलंत ना हो?” “सगळं,” मी म्हणालो. अर्ज फेटाळला गेला. आता मी चाळीखाली उतरत नाही, ती मात्र अपिलाचे कागद घेऊन फिरते आणि भेटेल त्याला सांगते, “यांचं काही ऐकूनच घेतलं नाही त्या बाईनं.”