इलो की इली

हे मी आजवर कोणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

तेव्हा मी किनाऱ्यावरच्या एका तार ऑफिसात यंत्रावर तारा उतरवून घेत असे आणि आमचा तारवाला त्या सायकलवरून वाटत असे. तार हातात आली की तो प्रत्येक शब्द अंगठ्याखाली झाकून फक्त शेवटचं अक्षर बघे. मला त्याचं भारी कुतूहल वाटे. मालवणीत 'इलो' म्हणजे आला, 'इली' म्हणजे आली; विचारलं तर म्हणे, "तोंडाक काय बघतंस? 'इलो' म्हणजे बाप्यो, 'इली' म्हणजे बाई, नायतर होडी. शेपूट बघूक व्हया!"

वादळानंतर देवबागच्या एका बाईला रत्नागिरीहून दिराची तार आली. तिचा नवरा समुद्रात अडकला होता. यंत्र खरखरलं आणि शेवटचं अक्षर मला नीट कळलं नाही. पुन्हा मागवायला हवं होतं. मी बरं वाटेल ते लिहिलं, 'रत्नागिरीक इलो'.

त्याने अंगठा ठेवला. "'लो'च मां, भाऊ? होडी नाय मां?"

"'लो'च," मी म्हटलं.

त्याने तार वाचून दाखवली, बाईने साखर वाटली. चार दिवसांनी कळलं, आली होती ती रिकामी होडी. वाडी त्याच्यावर तुटून पडली. "शेपूट बघणारो आंधळो झालो काय रे?"

त्याने बाईकडचा माझ्या अक्षरातला कागद दाखवला असता तर तो सुटला असता. तो एवढंच म्हणाला, "माझी नजर चुकली."

पुढेही तो अंगठा ठेवून तारा तपासत राहिला, पण मला काही विचारणं त्याने सोडलं.

चूक माझी होती, हे त्या बाईला जाऊन सांगणं अजून बाकी आहे.