फाटकावर जमा केलेलं घड्याळ

बाबांनी चाळीस वर्षं दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढून कापसाची रुई करणाऱ्या कारखान्यात काढली. विसरण्याचा आजार वाढला तसं मी त्यांना लोहाऱ्याला माझ्याकडे आणलं. घरामागे एमआयडीसी. दार उघडं दिसलं की बाबांना वाटायचं, आपली कामाची पाळी सुरू झाली, आणि ते चालू लागायचे.

पुण्याच्या भावाने एक घड्याळ पाठवलं. ते मनगटावर असलं की बाबा कुठे आहेत हे आम्हा दोघांच्या मोबाइलवर दिसे. पहिल्याच आठवड्यात बाबा निसटले. भावाचा फोन आला, घाबरू नको, तासाभरापासून एकाच जागी बसलेत. मी स्कूटी काढली. त्या जागी एका कारखान्याचं फाटक होतं आणि चौकीदाराच्या टेबलावर घड्याळ. काका जमा करून गेले, म्हणाला. बाबा दुपारी दारव्हा रोडवर सापडले. ओठ सुकलेले, पायात एकच चप्पल.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी त्यांच्यावर ओरडले आणि मग स्वतःचीच लाज वाटून रडले. घड्याळ काहून काढता, विचारलं. मी कालच कामावर लागल्यासारखं ते मला समजावू लागले.

"अंदर रुई हाय. ठिणगी पडली त सारं जळून जाईन."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्यांच्या जिनिंगच्या फाटकावर काडेपेटी, बिडी, किल्ल्या, घड्याळ, सगळं काढून ठेवायचा नियम होता. बाबा नियम पाळत होते आणि आम्ही त्यांना दोष देत होतो. आत नेता यायचा तो फक्त गळ्यातला बिल्ला. त्याच्याशिवाय कोणाला आत सोडत नसत.

मग मी गळ्यात घालायचं तसलंच यंत्र मागवलं आणि त्यावर बाबांचा जुना फोटो चिकटवला. बाबा ते झोपतानाही काढू देईनात. भावाने विचारलं, माझ्या घड्याळाचं काय? म्हटलं, तूच घाल, तुझाही कुठे पत्ता लागतो.

परवा ते पुन्हा निघाले. या वेळी मोबाइलवरचा ठिपका त्यांच्यासोबत चालत होता, दहा मिनिटांत गाठलं. एका बंद फाटकासमोर उभे होते. मी म्हटलं, चला बाबा, घरी. त्यांनी मला ओळखलं नाही. आताशा ओळखत नाहीतच. ते माझ्या गळ्याकडे बघत होते.

"तुहा बिल्ला कुठी हाय, पोरी?"

नाही माझ्याकडे, म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या लांब आलेली पोरगी बाहेरच राहणार, तिचा खाडा पडणार, याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी हळूच आपल्या गळ्यातला काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"माहा घे. मले अंदर सारे ओळखतेत."